बोंब्या, सावकाश : मांजराच्या जेवणाच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५

काम: बोंब्याचा जेवणाचा वेग कमी करणं.

आधी मोजून घेतलं. स्वयंपाकाच्या काट्यावर ४० ग्रॅम सुकं खाणं, हातात मोबाइलचं घड्याळ. ५० सेकंदांत ताटली लख्ख. तिथून तो थेट राणीच्या वाटीकडे. राणी न भांडता बाजूला सरकते, मग तिचं उरलेलंही जातं. पाचेक मिनिटांनी दिवाणाखालून तो ओळखीचा घशातला आवाज, आणि फरशीवर दाण्यांची लांबट वळकटी. दाणे अख्खे, नुसते जरा फुगलेले. आठवड्यात तीन-चारदा हेच.

मंडळी: बोंब्या, वय अडीच वर्षं, नर, नसबंदी झालेली. भाऊच्या धक्क्यावर बर्फाच्या पेट्यांमागे मिळाला, तेव्हा मुठीत मावत होता आणि एका मांदेलीसाठी तीन भावंडांच्या अंगावरून चढून गेला होता. राणी, वय अकरा, आईची. पत्ता लालबाग, चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत दहावा मजला. मांजरं बाहेर जात नाहीत, म्हणजे बाहेर काही खाऊन येतात हा मुद्दा बाद.

मांजर दाणे चावत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. त्यांना दात तीस, पण दळायची सोय नाही. जबडा वरखाली चालतो, आडवा फिरत नाही. मागचे दात कात्रीसारखे कापतात, बाकी सगळं गिळणं. आपल्याला सुधारायचंय ते एका दमात पोटात जाणारं माप.

१० जून

बैलघोडा हॉस्पिटलच्या अलीकडच्या गल्लीत आमच्या डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे नेलं. कालची वळकटी मोबाइलवर चित्रित केली होती, ती दाखवली. त्यांना नुसत्या वर्णनापेक्षा हेच हवं असतं.

त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. खरी उलटी असेल तर मांजर आधी अस्वस्थ होतं, लाळ गळते, पोटाचे स्नायू जोरात आत-बाहेर होतात आणि अर्धवट पचलेलं, कधी पिवळं पित्त बाहेर येतं. आमच्याकडे तसलं काही नाही. मान खाली जाते आणि अन्न गेलं तसं परत येतं. ते पोटात नीट स्थिरावलेलंच नसतं. त्यात सुक्या दाण्यात पाण्याचा अंश जेमतेम १० टक्के. मांजर जेवून वर पाणी प्यायलं की दाणे आत फुगतात.

तरी विष्ठातपासणी केली, कारण जंत हे अधाशीपणाचं सगळ्यात साधं कारण. नमुन्यात काही निघालं नाही, पण औषधाची मुदत जवळ आलीच होती म्हणून गोळी दिली. मधुमेह किंवा थायरॉइड वाढल्यानेही मांजर खा-खा करतं, पण त्यात वजन उतरतं आणि थायरॉइडचा त्रास बहुधा म्हाताऱ्या मांजरांना. बोंब्याचं वजन ४.६ किलो, वर चढतंय. जाडी मोजायच्या एक ते नऊच्या मोजपट्टीवर सहा, म्हणजे थोडा जाडसर.

एक ताकीद वहीत लाल शाईने: काहीही प्रयोग करा, पण मांजर रागावून पूर्ण दिवस उपाशी राहिलं तर प्रयोग थांबवून फोन करायचा. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठते आणि ते जिवावर बेततं.

१४ जून

विकतचे उपाय आधी. मध्ये उंचवटे असलेली प्लास्टिकची ताटली घेतली. बोंब्याने पहिल्याच जेवणाला कड दातात धरून ती उलटी केली आणि जमिनीवर सांडलेलं खाल्लं. तळाशी रबर लावलं तर तिच्यासकट रबर ओढलं. शिवाय प्लास्टिकला ओरखडे पडले की त्यात जंतू बसतात, हनुवटीवर काळे पुटकुळे येऊ शकतात. ताटली माळ्यावर.

वाटीत मोठा गुळगुळीत गोटा ठेवून भोवती दाणे, हा फुकटचा उपाय. गोटा गिळता येणार नाही एवढा हवा. वेळ ५० सेकंदांवरून सव्वा मिनिटावर गेली. वाईट नाही.

मग नजर गेली आप्पेपात्रावर.

"अगं, त्यात मी आप्पे करते!"

"आई, घासून देईन."

"मांजराचं उष्टं घासून? दुसरं आण."

भुलेश्वरहून बिडाचं, सात खळग्यांचं आणलं. वजनदार असल्याने उलटत नाही. खळगे इतके खोल की जीभ पोचते पण तोंड भरून उचलता येत नाही. प्रत्येक खळग्यात पाच-सहा ग्रॅम. पहिल्या रात्री ४० ग्रॅमला तीन मिनिटं! बीड धुऊन लगेच कोरडं करून तेलाचा हात द्यावा लागतो, नाहीतर या हवेत सकाळी गंज. पाऊस यंदा २६ मेलाच आलाय, तेव्हापासून घरात पापड कुरकुरीत राहत नाहीत.

२२ जून

आप्पेपात्राचा आठवडा. बोंब्याने पंजाने दाणे खळग्यातून बाहेर उडवून फरशीवरून खायला सुरुवात केलीय. वेळ दोन मिनिटांवर आली. वळकटी या आठवड्यात एकदाच. इथे थांबलं तरी चाललं असतं. ज्यांना सोल्डरिंगची हौस नाही त्यांनी इथेच थांबावं हे माझं प्रामाणिक मत.

ओल्या खाण्यासाठी सिलिकॉनची खाचांची चटई चांगली. पाऊचमधलं लगद्यासारखं फासून द्यायचं, तो चाटत बसतो. रस्सा-तुकडे असेल तर उपयोग नाही.

पण खरी अडचण माप हीच. मांजराचं पोट छोटं. उंदरांवर जगणारं मांजर दिवसरात्रीत १० ते २० वेळा थोडं थोडं खातं. आम्ही दोनदा ढीग वाढतो, कारण मी आठ दहाच्या लोकलला असते आणि आईला गुडघ्यांमुळे सारखं वाकवत नाही. तेव्हा दिवसातून सहा वेळा थोडं थोडं वाढणारं यंत्र. धाकट्याने विचारलं, "ताई, तयार मिळतं ना?" मिळतं. पण त्याला माप कळतं, मांजराने किती वेळात खाल्लं ते कळत नाही. मला वाटीखाली काटा हवाय.

२९ जून

हिशेब. विश्रांतीच्या स्थितीत लागणाऱ्या उष्मांकांचं ढोबळ सूत्र: किलोतलं वजन गुणिले ३०, अधिक ७०. बोंब्याचे ४.६ किलो म्हणजे २०८. नसबंदी झालेल्या घरातल्या मांजराला त्याच्या १.२ पट, साधारण २५०. त्याला थोडं उतरवायचंय, म्हणून डॉक्टरांशी बोलून २२५ धरले. पाकिटावर १०० ग्रॅमला ३८० लिहिलंय. ५० ग्रॅम सुकं म्हणजे १९०, वर अर्धा पाऊच. आतापर्यंत आम्ही ८० ग्रॅम देत होतो, राणीचं चोरलेलं वेगळंच.

यंत्राने ८ ग्रॅमचे सहा हप्ते द्यायचे: पहाटे साडेपाच, आठ, बारा, चार, आठ, आणि रात्री साडेअकरा. पहाटेचा हप्ता आईच्या मागणीवरून. तो पावणेसहाला तिच्या उशीवर चढून ओरडतो.

लॅमिंग्टन रोडवरून सामान: ईएसपी३२ बोर्ड (यंत्राचा मेंदू), डीएस३२३१ घड्याळ, एक किलोपर्यंत वजन मोजणारा लोड सेल, त्याचा संकेत आकड्यात बदलणारी एचएक्स७११ पट्टी, २८बीवायजे-४८ स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी) तिला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरसकट. घड्याळाच्या पट्टीत नाण्याएवढा सेल असतो, त्यामुळे वीज गेली तरी वेळ चुकत नाही. इंटरनेटवरून वेळ घेता येते हे मान्य, पण वायफाय गेलं म्हणून मांजर उपाशी हे मला पटत नाही.

६ जुलै

वाटीखालचा काटा चालू. लोड सेल म्हणजे ॲल्युमिनियमची पट्टी. एक टोक लाकडी फळीला पक्कं, दुसऱ्यावर स्टीलची वाटी. पट्टी वाकते ती केसाच्या जाडीपेक्षाही कमी, तेवढ्यावर एचएक्स७११ आकडा देतो, सेकंदाला दहा वेळा.

जेवताना मांजर नाकाने वाटी दाबतं, म्हणून आकडा ८ ग्रॅमवरून ३०, मग उणे ५, मग १८ असा नाचतो. लागोपाठचे एकवीस आकडे चढत्या क्रमाने लावून त्यातला मधला घेतला की रेघ बरीच शांत होते. सरासरी घेऊन भागत नाही, कारण एक जोरदार ढुसणी सगळी सरासरी वर खेचते. तो तोंड वर करतो तेव्हाचे आकडे सगळ्यात विश्वासू.

आप्पेपात्र अर्थात या काट्यावर बसत नाही, वजन फार. म्हणून मोजणी साध्या उथळ वाटीवर.

१३ जुलै

डबा: दोन लिटरचा हवाबंद. त्याच्या बुडाशी सहा पाकळ्यांचं चाक. एक घर फिरलं की ८ ग्रॅम खाली. चाक ओळखीच्या एकाने घाटकोपरला थ्रीडी प्रिंटरवर छापून दिलं.

अडकतं. पाकळी आणि भिंत यांच्या मध्ये दाणा सापडला की चाक थांबतं. या स्टेपर मोटरला ताकद कमी आणि ती अडली हे बोर्डाला कळतही नाही. ती किर्र करत पावलं चुकवत राहते. बोंब्या तो आवाज ऐकून खाली बसून राहिला, काही पडलं नाही. नंतर त्याने नळीत हात घातला. नळीला आता आत एक वाकण दिलंय.

पाऊस इथेही आडवा आला. दाणे दोन दिवसांत नरमतात, नरम दाणा चिरडतो, त्याचं पीठ पाकळीला लिंपतं. पाकीट फोडून पूर्ण ओतण्याऐवजी डब्यात चारच दिवसांचं भरायचं. ओलावा शोषणाऱ्या पुड्या झाकणाच्या आतल्या बाजूला जाळीच्या डबीत, स्क्रूने घट्ट. सुटी पुडी दाण्यांत टाकायची नाही, चाकातून वाटीत येईल.

मुंग्या आल्या. शेजारच्या काकूंनी खडू ओढायला सांगितला. त्या खडूत पायरेथ्रॉइड जातीचं विष असतं आणि मांजराच्या यकृताला असली द्रव्यं नीट मोडता येत नाहीत. आपल्याला निरुपद्रवी वाटणारी मात्रा त्यांना झटके आणू शकते. फळीचे चारही पाय पाण्याच्या झाकणांत ठेवले. काम झालं.

२० जुलै

स्टेपर काढली. १२ व्होल्टची गिअरवाली मोटर, मिनिटाला १० फेरे, एल२९८एन ड्रायव्हरवर, म्हणजे उलटीही फिरवता येते. भिंतीच्या कडेला सिलिकॉनच्या ओटापुसणीची पट्टी कापून चिकटवली. आता दाणा सापडला तर पट्टी वाकते आणि वाट देते.

मुख्य युक्ती वाटीखालच्या काट्याची. चाक फिरल्यावर वजन निदान ५ ग्रॅमने वाढलं पाहिजे. नाही वाढलं तर चाक पाव फेरा उलटं, मग पुन्हा सुलटं. तीनदा होऊनही काही पडलं नाही तर धाकट्याच्या आणि माझ्या मोबाइलवर निरोप.

मोटर सुरू होताना बोर्ड स्वतःला बंद-चालू करत होता. दोघांना एकाच ॲडॉप्टरवरून वीज होती, मोटरने पहिला ओढा घेतला की बोर्डाला मिळणारा विजेचा दाब पडायचा. बोर्डाला वेगळा ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर दिला, जमिनीची (ग्राउंडची) तार दोन्हीकडे एक केली. विषय संपला.

२७ जुलै

आठवडाभर यंत्र नीट चाललं. दाणे परत येणं शून्य. आई खूश, कारण पहाटेचं ओरडणं आता यंत्राकडे तोंड करून होतं.

मी खूश नाही. आलेख पाहते तर ८ ग्रॅम दहा-अकरा सेकंदांत. पहिल्या दिवशी ४० ग्रॅमला ५० सेकंद होते. भागाकार करा, वेग तोच! आपण ढीग लहान केला म्हणून पोट सांभाळलं गेलं, तो मात्र अजूनही गिळतोच आहे. धाकटा म्हणतो, उलटी थांबली ना, मग झालं. व्यवहाराने त्याचं बरोबर आहे. पण एवढा काटा लावलाय तर आकडा असा का, हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

वाटी रुंद-उथळ करून पाहिली, उंचावर ठेवून पाहिली, भिंतीपासून दूर सरकवून पाहिली. मिशा वाटीच्या कडेला लागून मांजराला त्रास होतो असं दुकानवाले ठासून सांगतात. आमच्या आलेखावर रुंद वाटीने रेघ जागची हलली नाही.

२ ऑगस्ट

आज सकाळी धाकटा राणीला लसीच्या वार्षिक डोसासाठी घेऊन गेला. सव्वासातला निघाले, साडेनऊला परत. संध्याकाळी मी आलेख उघडला तर आठचा हप्ता ४३ सेकंद चाललाय. रेघ जिन्यासारखी: चार ग्रॅम खाल्ले, थांबला, दोन, थांबला, दोन. काटा बिघडला असेल म्हणून ५० ग्रॅमचं वजन ठेवून तपासला. बरोबर. बाराचा हप्ता पुन्हा ११ सेकंद. राणी तेव्हा घरात.

३ ऑगस्ट, रविवार

दिवसभर स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले. यंत्राच्या वेळी आई राणीलाही तिची वाटी देते, कारण एकाला दिलं आणि दुसरी बघत बसली हे तिला बघवत नाही. राणीची वाटी दोन हातांवर. बोंब्या जेवताना यंत्राकडे बघतच नाही, त्याचा एक कान राणीकडे. आपलं आवरलं की झेप. राणी तोवर जेमतेम चार दाणे खाऊन उठलेली असते. तिथे रोज, प्रत्येक जेवणाला, निम्म्याहून जास्त वाटी बक्षीस म्हणून शिल्लक. लवकर संपवणाऱ्याला ती मिळते. धक्क्यावर शिकलेलं त्याला आमच्या घरात रोज सहा वेळा खरं होताना दिसतंय.

मग राणीकडे पाहत बसले. एवढ्या आठवड्यांत सगळा कॅमेरा आणि काटा बोंब्यावर. ती दाणा उचलते, मान डावीकडे कलती करते, दाणा तोंडातून पडतो. पुन्हा उचलते. तिसऱ्या-चौथ्याला उठते आणि वाटीपासून दोन पावलांवर जाऊन बसते, निघून जात नाही. भूक आहे. वजन पाहिलं: काल लसीच्या कार्डावर ३.१ किलो, गेल्या वर्षी ३.६.

"म्हातारी झाली, खाणं कमी व्हायचंच," आई म्हणाली. पण लगेच स्वतःच म्हणाली, "मऊ भात-मासा दिला की सगळं संपवते मात्र."

चित्रफीत डॉक्टरांना पाठवली. उत्तर दहा मिनिटांत: गुरुवारी आणा.

७ ऑगस्ट

डॉक्टरांनी ओठ वर करून दाखवलं. खालच्या जबड्यात डाव्या बाजूला, हिरडीच्या रेषेवर दाताला लाल ठिपका, जणू हिरडीच दातावर चढलीय. कापसाच्या काडीने हळूच टोचलं तर राणीचा जबडा थरथरला. दात विरघळत जाणं, मोठ्या वयाच्या मांजरांत हे अगदी नेहमीचं. माणसाच्या किडीसारखं नाही, भरून चालत नाही. भूल देऊन क्ष-किरण चित्र घ्यायचं आणि दुखरे दात काढायचे. मांजरं दुखणं दाखवत नाहीत, खाणं बदलतात. अख्खे गिळतात, एका बाजूने खातात, सुकं सोडून ओलं मागतात.

आईचा पहिला प्रश्न: "दात काढले तर खाणार कशी?" डॉक्टर म्हणाल्या, "आत्ता खाते त्यापेक्षा चांगली खाईल. दातांनी तसंही ती चावत नाही, दुखतं म्हणून थांबते."

भुलेआधी रक्ततपासणी: मूत्रपिंडं, साखर, थायरॉइड. वय अकरा म्हणून हे टाळायचं नाही. मूत्रपिंडाचा आकडा वरच्या कडेला, पण मर्यादेत. तारीख १८ ऑगस्ट घेतली. गणपती २७ तारखेला. त्यानंतर लालबागमधून टॅक्सीत मांजराचा पिंजरा घेऊन बाहेर पडणं म्हणजे गर्दीने ठरवलेल्या दिशेला जाणं.

तोपर्यंत राणीला फक्त ओलं, कोमट करून. तेही आतल्या खोलीत दार लावून.

१० ऑगस्ट

दार लावल्यापासूनचे आकडे. पहिले दोन दिवस बोंब्याने आपलं ११ सेकंदांत संपवून दार ओरबाडलं. तिसऱ्या दिवशी १९ सेकंद. काल रात्री साडेअकराला २६. यंत्रात काहीही बदललेलं नाही.

आईला दिवसातून सहा वेळा दार उघड-बंद करायला नको, म्हणून राणीचं जेवण तीन वेळा केलं. तेही यंत्राच्या वेळांशी जुळवून, तो गुंतलेला असतानाच ती आत.

१९ ऑगस्ट

काल भूल द्यायची होती. काल आणि आज पावसाने सगळं बुडवलं, आज तर लोकलही ठप्प, रेड अलर्ट. डॉक्टरांनी स्वतःच फोन करून पुढे ढकललं. हिंदमाता चौकात तुंबलेल्या पाण्यातून भुलेतलं मांजर घेऊन यायची त्यांचीही तयारी नव्हती. नवी तारीख २१.

घरी बसून यंत्राची साफसफाई. चाक सुटं करून साबणाने धुतलं, पंख्याखाली रात्रभर वाळवलं. पाकळ्यांच्या मुळाशी तेलाचा चिकट थर होता. दाण्यांवर चरबी फवारलेली असते, ती खवट होते. दर पंधरवड्याला हे करायचं, नाहीतर मांजर एक दिवस वासानेच तोंड फिरवेल आणि आपण यंत्राला दोष देत बसू.

२१ ऑगस्ट

राणीचे चार दात काढले. एकाचं तर मूळ जवळजवळ उरलंच नव्हतं, चित्रात दाताच्या जागी धुरकट डाग. बाकीचे साफ केले. संध्याकाळी घरी. भुलेच्या तंद्रीत भिंतीला धरून चालत होती. वेदनाशामक डॉक्टरांनी मोजून दिलंय. माणसांची गोळी मांजराला कधीच नाही, पॅरासिटामॉलचा तुकडासुद्धा जीव घेतो.

रात्री दहाला कोमट पाऊच दोन चमचे. सगळं चाटलं.

२६ ऑगस्ट

राणी वाटी रिकामी करते. गेली निदान दोन वर्षं मी हे पाहिलेलं नाही. सुकं अजून बंद, टाके विरघळेपर्यंत. बोंब्या उघड्या दारातून आत जाऊन वाटी हुंगतो. चकचकीत असते. परत येतो.

आकडे: आठवड्याभरातले बहुतेक हप्ते ३० ते ४० सेकंद. पहाटेचा अजून वेगवान, १८-२० सेकंद, रात्रभराच्या उपासानंतर ते समजण्यासारखं आहे. साडेअकरा आणि साडेपाच यांच्यामध्ये अडीचला एक हप्ता घालावा का? आवाजाने आई जागी होईल. आधी मोटरखाली रबराच्या चकत्या.

३० ऑगस्ट

गणपतीत आकडे घेण्यात अर्थ नाही. खालून ढोल-ताशा, दहाव्या मजल्यावरही काचा थरथरतात आणि लोड सेलवर कुणी नसताना रेघ नाचते. दोघंही आतल्या खोलीतल्या कपाटाखाली. बोंब्याने कालचे दोन हप्ते सोडले, मिरवणूक पुढे गेल्यावर दोन्ही एकदम खाल्ले. १६ ग्रॅम, काहीही परत आलं नाही. हप्ता शिल्लक असेल तर पुढचा टाकायचा नाही, असा नियम यंत्रात घातला: वाटीत ५ ग्रॅमहून जास्त असेल तर थांब आणि निरोप पाठव. मांजर जेवत नाहीये हेही त्याच निरोपातून कळतं.

आरतीच्या गर्दीत पाहुण्यांच्या मुलांनी बोंब्याला मोदक दाखवला. त्याने हुंगून सोडला.

९ सप्टेंबर

विसर्जन आटोपलं, गल्ली धुऊन झाली, मांजरं कपाटाखालून बाहेर. आकडे पुन्हा जागेवर.

सध्याची मांडणी: बोंब्या यंत्रावर, ८ ग्रॅमचे सहा हप्ते, शिवाय रात्री अर्धा पाऊच चटईवर. वजन ४.४. राणी ३.३, दिवसातून तीन वेळा ओलं, दार लावून. डॉक्टरांनी सुकं चालेल म्हटलंय, पण आई तयार नाही आणि म्हाताऱ्या मूत्रपिंडांना पाणी जितकं जाईल तितकं बरंच. दाराचा नियम चालू ठेवायचा. परवा आईने फोनच्या नादात दार उघडं ठेवलं, लगोलग १४ सेकंदांचा हप्ता नोंदवला गेला.

आप्पेपात्र रविवारी, आम्ही घरी असतो तेव्हा. तो त्यातून दाणे उडवतो ते मला बघायला आवडतं, एवढंच त्याचं कारण.

उरलेली कामं: मोटरखाली चकत्या. डब्याचं झाकण बोंब्या डोक्याने ढकलतो, त्याला दोन बाजूंनी पकड. राणीची सहा महिन्यांनी दाततपासणी, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, कॅलेंडरवर लिहिलं. शेजारच्या काकूंना असंच यंत्र हवंय. त्यांचा बोका एकटाच आहे आणि सावकाश जेवतो, त्यांना आधी गोटा देऊन पाहते.